उसाचे तोडणीनंतरचे उपयोग

ऊस हे गवत कुळातील बहुवर्षायू पीक असून तोडणीनंतर त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग उपयोगात आणता येतो. कांड्यांपासून रस, काकवी, गूळ व साखर मिळते. शेंड्याकडील हिरवा भाग म्हणजे वाढे जनावरांना चारा म्हणून घातले जाते. वाळलेली पाने म्हणजे पाचट आच्छादन व खतासाठी, तर रस काढून उरलेले चिपाड जळण म्हणून वापरले जाते. मोठ्या प्रमाणावर पिकवलेला ऊस बहुतांशी साखर कारखान्यांकडे जातो. शेताच्या बांधावर, परसात किंवा थोड्या क्षेत्रावर घेतलेल्या उसाचा वापर मात्र आजही घरगुती किंवा गावपातळीवर होतो. या लेखात प्रामुख्याने महाराष्ट्रातील पद्धतींचा विचार केला आहे.

## पूर्वेतिहास

उसाला संस्कृतमध्ये 'इक्षु' असे नाव आहे. उसाच्या रसापासून टिकाऊ पदार्थ करण्याची कला भारतात प्राचीन काळापासून अवगत होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा असे रसापासून होणारे पदार्थ एकाच वर्गात सांगितले आहेत. यातील फाणित म्हणजे आटवलेला दाट रस असून आजच्या काकवीशी त्याचे साम्य आहे. मराठीतील 'गूळ', 'खांड' आणि 'साखर' हे शब्द अनुक्रमे गुड, खण्ड व शर्करा यांवरून आले आहेत. 'शर्करा' हाच शब्द फारसी व अरबी भाषांमार्गे युरोपात पोहोचला.

महाराष्ट्रात साखर कारखानदारी सुरू होण्यापूर्वी उसाचा मुख्य उपयोग गुळासाठी होत असे. १९५० मध्ये प्रवरानगर (जि. अहमदनगर, आताचा अहिल्यानगर) येथे विठ्ठलराव विखे पाटील, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतरच्या काळात राज्यातील उसाचा ओघ गुऱ्हाळांकडून कारखान्यांकडे वळला.

## पक्वता आणि तोडणी

उसाचा पुढील उपयोग कसा होणार हे मोठ्या प्रमाणात तोडणीच्या वेळेवर अवलंबून असते. महाराष्ट्रात सुरू हंगामाचा ऊस साधारण १२ महिन्यांत, पूर्वहंगामी १४ ते १५ महिन्यांत, तर आडसाली ऊस १६ ते १८ महिन्यांत तयार होतो. पक्व उसाची खालची पाने वाळतात, वाढ मंदावते, डोळे फुगीर दिसतात आणि कांडे मोडल्यास ते पेरापाशी सहज तुटते. अचूक अंदाजासाठी हातात धरावयाच्या रिफ्रॅक्टोमीटरने रसाचा ब्रिक्स, म्हणजे विद्राव्य घन पदार्थांचे शेकडा प्रमाण, मोजतात. ते १८ ते २० किंवा अधिक असल्यास ऊस तोडणीयोग्य मानला जातो.

उसात साखर बुडख्याकडून शेंड्याकडे साठत जाते. त्यामुळे बुडख्याकडील कांड्या सर्वाधिक गोड असतात आणि ऊस जमिनीलगत तोडणे हिताचे ठरते. उंच तोडल्यास सर्वांत गोड भाग शेतात राहतो, शिवाय खोडव्याचे फुटवे जमिनीच्या वरून निघाल्याने पुढील पीकही कमजोर होते. शेंड्याकडील कोवळ्या कांड्यांत ग्लुकोज व फ्रुक्टोज या साध्या शर्करा अधिक असल्यामुळे रस काढण्यापूर्वी तो भाग वेगळा करतात.

### तोडणी व गाळप यांतील अंतर

ऊस तोडल्यानंतरही त्यातील रासायनिक क्रिया थांबत नाहीत. 'इन्व्हर्टेज' या विकरामुळे सुक्रोजचे विघटन होऊन त्याचे साध्या शर्करांमध्ये रूपांतर होऊ लागते. कापलेल्या टोकांतून 'ल्युकोनॉस्टॉक' गटातील जीवाणू आत शिरतात आणि साखरेपासून 'डेक्स्ट्रान' हा चिकट पदार्थ तयार करतात. बाष्पीभवनामुळे वजनही घटते. तापमान जितके अधिक, तितका हा ऱ्हास जलद होतो. म्हणून ऊस तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळावा असे सांगितले जाते. शिळ्या उसाच्या रसाचा गूळ मऊ व चिकट होतो आणि पावसाळ्यात लवकर पाझरतो. ताबडतोब गाळणे शक्य नसल्यास ऊस सावलीत ठेवून वर ओले पाचट पसरतात.

जळालेल्या उसात हा ऱ्हास अधिक वेगाने होत असल्याने कारखाने अशा उसाच्या दरात कपात करतात.

आतून लाल पडलेला, आंबूस वास येणारा किंवा बुरशी लागलेला ऊस खाण्यास किंवा रसासाठी वापरू नये. लाल कूज या बुरशीजन्य रोगात कांड्याचा गर लाल होतो व त्याला मद्यासारखा वास येतो. उत्तर चीनमध्ये दीर्घकाळ साठवलेला, वेगळ्या प्रकारची बुरशी लागलेला ऊस खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या बुरशीपासून तयार होणारे ३-नायट्रोप्रोपिऑनिक आम्ल मेंदूला अपाय करते.

## खाण्याचा ऊस व रस

चघळून खाण्यासाठी जाड, मऊ सालीचा व कमी तंतूंचा ऊस पसंत केला जातो. असा ऊस 'पुंड्या ऊस' या नावाने ओळखला जातो. साल काढून केलेल्या उसाच्या लहान तुकड्यांना 'करवे' म्हणतात. कारखान्यांसाठी लावले जाणारे संकरित वाण तुलनेने कठीण असले तरी रस काढण्यासाठी चालतात.

ताज्या रसात मुख्यतः पाणी व सुक्रोज असते, त्याशिवाय थोड्या प्रमाणात साध्या शर्करा, खनिजे, सेंद्रिय आम्ले व फेनॉलयुक्त पदार्थ आढळतात. हवेशी संपर्क येताच पॉलिफेनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे रस काळपट पडू लागतो. रसात लिंबू पिळल्याने आम्लता वाढून ही क्रिया मंदावते. लिंबू व आले घालण्याच्या प्रथेमागे चवीबरोबर हेही कारण आहे. रसात साखर व पाणी भरपूर असल्याने सूक्ष्मजीव झपाट्याने वाढतात. त्यामुळे रस काढल्याबरोबर पिणे इष्ट असते. अस्वच्छ ऊस, घाण्याचे न धुतलेले रूळ आणि दूषित बर्फ ही रसातून होणाऱ्या आजारांची प्रमुख कारणे आहेत.

महाराष्ट्रातील रसवंतिगृहे हा रसविक्रीचा परिचित प्रकार आहे. त्यांपैकी अनेकांची नावे नाथ संप्रदायाशी निगडित असून 'कानिफनाथ' व 'नवनाथ' ही नावे विशेष आढळतात. घाण्याला बांधलेल्या घुंगरांचा आवाज ही त्यांची ओळख आहे.

रसात तांदूळ शिजवून खीर करतात. रस व दूध एकत्र आटवून किंवा वाफवून वड्याही केल्या जातात.

## गूळ

रस आटवून घट्ट केलेला, साखर व मळी वेगळी न काढलेला पदार्थ म्हणजे गूळ. तो जेथे तयार होतो त्या ठिकाणाला गुऱ्हाळ म्हणतात. तीन रुळांच्या घाण्यावर एक टन उसापासून साधारण ६५० किलो रस निघतो व त्यापासून सुमारे १०० ते १२५ किलो गूळ मिळतो. घरगुती प्रमाणावर १० ते १५ किलो उसापासून एक ते दीड किलो गूळ होऊ शकतो. हाताने फिरवण्याच्या लहान यंत्रात मात्र रसाचा उतारा कमी पडतो. घाणा उपलब्ध नसल्यास सोललेल्या उसाचे बारीक तुकडे पाण्यात उकळून, गाळून ते पाणी आटवता येते, परंतु त्यासाठी जळण पुष्कळ लागते.

### कृती

१. रस काढणे व गाळणे – ऊस घाण्यातून पिळून रस कापडातून गाळतात व काही काळ स्थिर ठेवून गाळ खाली बसू देतात.

२. तापवणे व मळी काढणे – रस काहिलीत घेऊन चुलवाणावर चढवतात. एका वेळी काहिलीत घेतलेल्या रसाला 'आधण' म्हणतात. रस उकळण्याच्या बेतात आला की प्रथिने व इतर अशुद्धी फेसाच्या रूपाने वर येतात. हीच मळी होय. ती झाऱ्याने काढली जाते. या टप्प्यावर काढावयाची राहिलेली मळी नंतर रसात मिसळून गुळाचा रंग व टिकाऊपणा बिघडवते.

३. शुद्धीकरण – रानभेंडीची खोडे ठेचून पाण्यात भिजवतात व त्यांचा चिकट द्रव रसात घालतात. त्या द्रवाला अशुद्धी चिकटून वर येते. रस स्वभावतः किंचित आम्लधर्मी असतो. आम्लतेमुळे सुक्रोजचे विघटन होते, म्हणून चुन्याची निवळी घालून आम्लता कमी करतात. चुना अधिक पडल्यास गूळ काळसर होतो.

४. आटवणे – मळी काढल्यावर जाळ वाढवून रस जोराने उकळतात. पाक उतू जाऊ लागल्यास थोडे शेंगदाण्याचे किंवा एरंडीचे तेल टाकतात. पाक दाट झाल्यावर जाळ कमी करून तो सतत ढवळावा लागतो, अन्यथा तळाला लागून करपतो.

५. उतरवणे – पाकाचे तापमान ११८ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचल्यावर काहील उतरवतात. अनुभवी गुळव्या तापमापकाशिवाय हा क्षण ओळखतो. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकल्यावर त्याची घट्ट गोळी झाली, की पाक तयार झाला असे समजतात.

६. घट्ट करणे – पाक वाफ्यात ओतून ढवळतात आणि निवत आल्यावर कापड लावलेल्या साच्यांत भरतात. तयार गोळ्याला 'ढेप' किंवा 'रवा' म्हणतात.

उकळता पाक अंगावर उडणे आणि ऊस घालताना हात घाण्यात ओढला जाणे हे या कामातील दोन मोठे धोके आहेत. पाक त्वचेला चिकटून राहत असल्याने त्याने भाजल्याची जखम उकळत्या पाण्याने भाजल्यापेक्षा खोल असते.

### रंग, रसायने व प्रतवारी

बाजारात फिकट पिवळ्या गुळाला दीर्घकाळ अधिक दर मिळत आला आहे. नैसर्गिक गुळाचा रंग वाण, जमीन, खते व रसाची शुद्धता यांनुसार सोनेरी पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत बदलतो. क्षारयुक्त जमिनीतील उसाचा गूळ खारट व मऊ होतो, तर नत्रखताचा अतिरेकही प्रत घटवतो. रंग उजळवण्यासाठी काही उत्पादक सोडियम हायड्रोसल्फाइट हे रसायन वापरतात. गुऱ्हाळांवर ते 'हायड्रॉस' या नावाने ओळखले जाते. त्यामुळे गूळ तात्पुरता उजळतो, परंतु त्यात गंधकाचे अवशेष राहतात व साठवणीत रंग पुन्हा काळवंडतो. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार गुळात सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत ७० भागांपेक्षा अधिक असू नये. दमा असलेल्या काही व्यक्तींना सल्फाइटमुळे त्रास होऊ शकतो. त्याच नियमांनुसार गुळात एकूण शर्करा किमान ९० टक्के, सुक्रोज किमान ६० टक्के व घट्ट गुळात पाण्याचा अंश कमाल १० टक्के असावा लागतो. गुळात साखर मिसळणे हा भेसळीचा आणखी एक प्रकार आहे.

गुळात साखरेपेक्षा खनिजे अधिक असली तरी त्याचा मुख्य घटक सुक्रोजच असतो. त्यामुळे मधुमेहींसाठी गूळ हा साखरेचा निर्धोक पर्याय ठरत नाही.

### कोल्हापुरी गूळ

कोल्हापूर जिल्हा गुळासाठी प्रसिद्ध आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १८९५ मध्ये, गुळाच्या व्यापारासाठी कोल्हापुरात शाहूपुरी ही पेठ वसवण्यात आली. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र कोल्हापूर येथे असून गुळासाठी योग्य वाण व सुधारित पद्धतींवर तेथे संशोधन चालते. को ९२००५ हा गुळासाठी शिफारस केलेला वाण आहे. मजुरांची टंचाई, जळणाचा खर्च, दरातील चढउतार आणि भेसळयुक्त गुळाची स्पर्धा ही या व्यवसायापुढील प्रमुख आव्हाने आहेत.

## काकवी

गूळ होण्याच्या आधीच, पाकाचे तापमान साधारण १०५ ते १०६ अंश सेल्सियस असताना उतरवलेला दाट, मधासारखा द्रव म्हणजे काकवी. ती भाकरी, चपाती किंवा घावनांबरोबर खाल्ली जाते. पाण्याचा अंश गुळापेक्षा अधिक असल्याने काकवी चांगली निवल्यावर कोरड्या, निर्जंतुक बाटल्यांत भरतात. खडे होऊ नयेत म्हणून थोडे सायट्रिक आम्ल घालण्याची पद्धत आहे. ऊस थोडा असल्यास गुळापेक्षा काकवी करणे सोपे जाते, कारण तिच्यासाठी पाकाची नेमकी अवस्था साधण्याचे कौशल्य तुलनेने कमी लागते.

## शिरका

रस यीस्टच्या साहाय्याने आंबवल्यास प्रथम त्यातील साखरेचे मद्यार्क होते. पुढे हवेच्या संपर्कात ॲसिटोबॅक्टर जीवाणू मद्यार्काचे ॲसेटिक आम्लात रूपांतर करतात. उत्तर भारतात उसाच्या रसाचा शिरका लोणच्यांसाठी वापरला जातो. फिलिपिन्समधील इलोकोस प्रदेशातही उसाचा शिरका पारंपरिकरीत्या केला जातो.

## साखर कारखान्यातील उपयोग

कारखान्यात उसाच्या वजनाच्या साधारण १० ते ११ टक्के साखर मिळते. याशिवाय सुमारे २८ ते ३० टक्के चिपाड (बगॅस), सुमारे ४ टक्के मळी आणि ३ ते ४ टक्के गाळ (प्रेसमड) निघतो. 'मळी' या शब्दाचा अर्थ येथे वेगळा आहे. गुऱ्हाळात मळी म्हणजे रसावरील फेस, तर कारखान्यात साखर वेगळी केल्यावर उरलेला काळा दाट द्रव. या मळीपासून मद्यार्क व इथेनॉल, चिपाडापासून वीज व कागद आणि गाळापासून खत तयार होते.

कारखान्याने उसाला द्यावयाचा किमान दर केंद्र सरकार ठरवते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार तो ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत देणे बंधनकारक असून विलंब झाल्यास १५ टक्के व्याज देय होते. २००९-१० पासून हा दर 'रास्त व किफायतशीर दर' (एफआरपी) म्हणून ओळखला जातो. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता. स्वतः गूळ करून विकणाऱ्या शेतकऱ्याला मात्र असा हमी दर नसतो. त्याचे उत्पन्न गुळाच्या बाजारभावावर ठरते.

## वाढे

वाढे हा तोडणी हंगामातील महत्त्वाचा हिरवा चारा आहे. ऊसतोड मजुरांसाठी वाढ्यांची विक्री हे पूरक उत्पन्नाचे साधन असते. वाढ्यात प्रथिने कमी व ऑक्झॅलेट अधिक असतात. ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावत असल्याने दीर्घकाळ केवळ वाढ्यावर ठेवलेल्या जनावरांत कॅल्शियमची कमतरता उद्भवते. दुभत्या जनावरांना याचा अधिक त्रास होतो. म्हणून वाढ्यासोबत द्विदल चारा व खनिज मिश्रण द्यावे आणि वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, असे सुचवले जाते. वाढ्याची कुट्टी करून मुरघासही करतात.

## पाचट

एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट मिळते. खोडव्यासाठी शेत लवकर मोकळे करण्याच्या हेतूने ते जाळण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. जाळल्यामुळे त्यातील सेंद्रिय पदार्थ व बहुतांश नत्र नष्ट होते, जमिनीच्या वरच्या थरातील उपयुक्त जीव मरतात आणि धुराचे प्रदूषण होते. पालाशाचा काही भाग तेवढा राखेत उरतो.

पाचट न जाळता खोडव्याच्या सरीत पसरल्यास ओल टिकते, तण कमी उगवते आणि कुजल्यावर सेंद्रिय कर्ब वाढतो. यासाठी पुढील क्रम पाळला जातो:

- पाचटाखाली दबलेले बुडखे मोकळे करून जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटणे
- पाचट सरीत समान पसरणे
- एक टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजवणारे जीवाणू संवर्धक टाकणे
- पाणी देऊन पाचट मातीच्या संपर्कात आणणे

पाचटात कर्बाच्या तुलनेत नत्र फार कमी असते. कुजवणारे सूक्ष्मजीव स्वतःच्या वाढीसाठी मातीतील नत्र घेतात व पीक काही काळ पिवळे पडते. बाहेरून नत्र देण्याचे हेच कारण आहे. परसातील थोडे पाचट भाजीपाल्याच्या वाफ्यांवर आच्छादन म्हणून किंवा गांडूळखतासाठी वापरता येते.

## चिपाड व राख

गुऱ्हाळात उन्हात वाळवलेले चिपाड हेच काहिलीखालचे मुख्य जळण असते. चुलवाणाची रचना चांगली असल्यास बाहेरून जळण आणावे लागत नाही. धिंगरी अळिंबीच्या लागवडीसाठी, कंपोस्ट खतासाठी तसेच ताटे व पुठ्ठे करण्यासाठीही चिपाड वापरतात. त्याच्या राखेत पालाश व सिलिका असल्याने ती शेतात टाकली जाते.

## बेणे

ऊस बियांऐवजी डोळे असलेल्या टिपऱ्यांपासून लावला जातो. बेण्यासाठी ९ ते ११ महिन्यांचा निरोगी ऊस योग्य असतो. त्याहून जून उसाचे डोळे कमी उगवतात. घरगुती लागवडीत पक्व ऊसच तोडला असल्यास वरच्या एक तृतीयांश भागातील टिपऱ्या बेण्यासाठी राखून खालचा गोड भाग खाण्यासाठी किंवा रसासाठी वापरणे सोयीचे ठरते. गवताळ वाढ किंवा काणी या रोगांची लक्षणे असलेल्या बेटांतील बेणे वापरल्यास रोग पुढील पिकात जातो.

## सण व भाषा

कार्तिक महिन्यातील तुळशीच्या लग्नात वृंदावनाभोवती उसाचा मांडव करतात. मकर संक्रांतीला सुगडांत उसाचे तुकडे, बोरे, हरभरा, गाजर व गव्हाच्या ओंब्या घालून वाण दिले जाते, तसेच तिळगूळ वाटला जातो. गुढीपाडव्याला कडुनिंबाच्या पानांबरोबर गूळ खाण्याची प्रथा आहे.

मराठी भाषेतही या पिकाच्या खुणा आढळतात. लांबत जाणाऱ्या निष्फळ बोलण्याला 'चर्चेचे गुऱ्हाळ', तर कष्टाने वा आजाराने खंगलेल्या माणसाला 'चिपाड झाला' असे म्हणतात. 'ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये' ही म्हण चांगुलपणाचा गैरफायदा घेऊ नये असे सुचवते.

## हेही पाहा

- ऊस
- गूळ
- साखर
- सहकारी साखर कारखाना
- ऊसतोड कामगार